मेश्राम सरांनी विकलेला हिवाळा

"जो आपके पास नहीं है, वो बेचो," असं विक्की सर म्हणाले, आणि सीताबर्डीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये संघपाल मेश्राम सरांच्या हातातला समोसा हातातच राहिला.

मेश्राम सर एका खाजगी तंत्रनिकेतनात इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवत. रेषा म्हणजे रेषा आणि कोन म्हणजे कोन, यावर त्यांचा संसार उभा होता. मे महिन्याची सुट्टी, बाहेर ऊन असं की डांबरी रस्त्यावर चप्पल चिकटावी, आणि पेपरात आलेल्या पत्रकावर लिहिलेलं, 'शॉर्ट सेलिंग: पडत्या बाजारातून कमाई. हॉल वातानुकूलित.' सर गेले होते ते खरं तर त्या शेवटच्या दोन शब्दांसाठी. पण आता ते पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरून बसले होते.

विक्की सरांनी फळ्यावर समजावून सांगितलं. शेअर महाग वाटतो आहे ना? मग सकाळीच विकून टाका. तुमच्याकडे तो नाही, नसू द्या. दुपारी स्वस्त झाला की विकत घ्या. बाजार बंद व्हायच्या आत विकलेला आणि घेतलेला आकडा सारखा झाला की कोणी काही विचारत नाही. मधला फरक तुमचा.

मेश्राम सरांनी वर्गातल्या मुलासारखा हात वर केला. "सर, पण जो माझ्याकडून घेतो, त्याला कळत नाही का की माझ्याकडे शेअरच नाहीत म्हणून?"

"सर, उसके पास भी पैसा नहीं है," विक्की सर म्हणाले. "शाम तक वो भी बेच देगा."

हॉलमध्ये दोनचार लोक हसले. मेश्राम सर हसले नाहीत. त्यांच्या अंगावर काटा आला होता. एकाकडे माल नाही, दुसऱ्याकडे पैसा नाही, आणि तरी सौदा होतो, पावती मिळते, सरकार त्यावर करसुद्धा घेतं! तारे, ग्रह, समुद्राची भरती वगैरे गोष्टींबद्दल माणसाला जे वाटतं, ते त्यांना त्या क्षणी शेअरबाजाराबद्दल वाटलं. मेट्रोने घरी येताना खालून जाणारी सगळी नागपूर नगरी त्यांना निराळी दिसली. इतकी माणसं, आणि यातल्या कोणालाही हे ठाऊक नाही.

रात्री जेवताना त्यांनी ही गोष्ट बायकोला सांगितली. भूमिका पोस्टात काउंटरवर होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"आमच्या पोस्टात असं केलं तर सस्पेंड करतात," ती म्हणाली. "भाजी वाढू काय?"

विक्की सरांनी नियमही सांगितले होते. चढत्या शेअरच्या आडवं जायचं नाही. किती तोटा सोसायचा ते आधी ठरवून तशी ऑर्डर लावून ठेवायची, तिला स्टॉप-लॉस म्हणतात. ज्या शेअरमध्ये रोज थोडेच लोक व्यवहार करतात, त्या पातळ शेअरला हात लावायचा नाही. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे, धंद्यात राग आणायचा नाही.

मेश्राम सरांनी पहिले तीन नियम पाठ केले. चौथा त्यांना लागू होता असं त्यांना वाटलंच नाही, कारण ते रागीट नव्हते. त्यांचा फक्त हिवाळा इंडस्ट्रीजवर राग होता.

हिवाळा इंडस्ट्रीज ही कूलर बनवणारी कंपनी. मेश्राम सरांच्या हॉलच्या खिडकीत तिचा कूलर होता, 'हिवाळा सुप्रीम'. हा कूलर पहिल्या उन्हाळ्यात गार हवा देत असे, दुसऱ्या उन्हाळ्यात हवा देत असे, आणि या उन्हाळ्यात फक्त आवाज देत होता. तक्रार नोंदवली की फोनवर बाई म्हणायची, तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. ती तिला इतकी महत्त्वाची होती की तिने ती अजून कोणाला दिली नव्हती. अशात एका दिवशी सरांना मोबाईलवर दिसलं की हिवाळा इंडस्ट्रीजचा शेअरसुद्धा असतो, आणि तो नव्वद रुपयांच्या आसपास असतो.

"ज्याचा कूलर असा, त्याचा शेअर नव्वद?" सर मोठ्याने म्हणाले.

खालच्या मजल्यावरचे भैय्याजी तेव्हा समोरच बसले होते. भैय्याजी रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त झालेले, आणि त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट कोणत्या गाडीने येते ते माहीत असे. "पडते गा तो," ते म्हणाले. "पडलाच पाह्यजे. माझ्या साळ्याकडे हाच कूलर हाय. मोटर जळली, पंखा वाकडा. विका तुम्ही सर. बिनधास्त विका."

दोन ग्राहकांचं मत एक झाल्यावर आणखी कोणता अभ्यास करायचा? एका गुरुवारी सकाळी, बाजार उघडल्यावर थोड्याच वेळात, मेश्राम सरांनी हिवाळा इंडस्ट्रीजचे एक हजार शेअर विकले. खात्यात त्यांनी एसीसाठी जमवलेले पैसे टाकले होते. ब्रोकर त्याच्या पाचपट व्यवहार करू देत असे, हेही एक आश्चर्यच. बोट लावलं आणि 'विक्री झाली' असं आलं.

"झाली?" भैय्याजींनी विचारलं.

"झाली."

"कोणी घेतले?"

दोघंही थोडा वेळ मोबाईलकडे बघत राहिले. देशात कुठेतरी एका माणसाने मेश्राम सरांकडून, त्यांना न बघता, त्यांच्याकडे नसलेले एक हजार शेअर घेतले होते. भैय्याजींनी टोपी काढली. "मी चाळीस वर्ष मालधक्क्यावर होतो," ते हळूच म्हणाले, "वॅगन रिकामी अन् पावती भरलेली, असं एकदाच झालं होतं. त्यात तिघांच्या नोकऱ्या गेल्या."

पहिला तासभर शेअर खरोखर पडत होता. सरांनी भैय्याजींना दोनदा चहा पाजला. मग अकराच्या सुमारास बातमी आली. कुठल्याशा एका राज्यातल्या सगळ्या सरकारी शाळांमध्ये कूलर बसवण्याचं कंत्राट हिवाळा इंडस्ट्रीजला मिळालं होतं.

शेअर उठला. तो चढला असं म्हणता येणार नाही, कारण चढताना मध्ये पायऱ्या लागतात. सरांचा स्टॉप-लॉस मध्ये होता, तो जागाही झाला, पण तोवर विकायला कोणी उरलंच नव्हतं. एका दिवसात शेअर जास्तीत जास्त जितका वाढू शकतो, त्या मर्यादेला, म्हणजे एकशे आठला, तो जाऊन टेकला आणि तिथेच थांबला. याला अप्पर सर्किट म्हणतात हे विक्की सरांनी सांगितलं होतं, पण ते चांगल्या गोष्टींच्या यादीत सांगितलं होतं. त्या भावाला घ्यायला लाखोंची रांग होती. विकायला शून्य. आणि त्या रांगेत सगळ्यात मागे, हजार शेअर मागत, मेश्राम सर उभे.

"म्हणजे आख्ख्या देशात," सर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात भीतीपेक्षा नवलच जास्त होतं, "आज हिवाळाचे शेअर विकणारा मी एकटा आहे. आणि माझ्याकडे ते नाहीत."

बाजार बंद झाला. दोघं स्कूटरवरून ब्रोकरच्या सीताबर्डीच्या ऑफिसात गेले. तिथे जितेंद्र नावाचा एक सभ्य गृहस्थ काचेमागे बसलेला होता.

"सर, तुम्ही विकलेले शेअर उद्या सकाळी द्यायचे आहेत," तो म्हणाला. "नाही दिले तर तुमच्या नावाने लिलाव होईल."

"लिलाव!" भैय्याजी ओरडले. "कायचा? घराचा?"

"शेअरचा हो काका. एक्स्चेंज दुसऱ्या कोणाकडून मिळेल त्या भावाने घेऊन समोरच्याला देतं. भाव ते लावतील तो. शिवाय दंड."

मागच्या बाकावरच्या एका बाईंनी 'बिचारे' अशा नजरेने सरांकडे पाहिलं. सरांच्या कपाळावर घाम आला. ऑफिसात एसी होता, तरी आला. तंत्रनिकेतनातल्या मुलांनी पेपरात वाचलं तर काय, या विचाराने ते व्याकूळ झाले. पेपरात असलं काही येत नाही, हे जितेंद्रला दोनदा सांगावं लागलं.

"एक मार्ग आहे," जितेंद्र म्हणाला. "ओळखीत कोणाच्या डिमॅट खात्यात हिवाळाचे हजार शेअर असतील, तर उद्या ऑफिस उघडताच त्यांची सही असलेली स्लिप आणा. त्यांच्या खात्यातून तुमच्या खात्यात वळते करू. मग तुम्ही ते द्या. त्यांचे नंतर परत करा."

मार्ग सापडताच भैय्याजींच्या अंगात संचार झाला. स्कूटरवर मागे बसल्या बसल्याच त्यांनी कॉलनीच्या ग्रुपवर निरोप टाकला. हा ग्रुप एरवी रक्तदात्यांसाठी आणि हरवलेल्या चाव्यांसाठी वापरला जाई. निरोप असा होता: 'मेश्राम सरांना हिवाळा तातडीने पाहिजे. सकाळपर्यंत. ज्यांच्याकडे असेल त्यांनी कृपया मदत करावी. नंतर परत मिळेल.'

घरी पोहोचले तेव्हा पार्किंगमध्ये पहिला हिवाळा येऊन उभा होता. दुसरा हातगाडीवरून येत होता. बाजूच्या गल्लीतल्या दिपालीताई रिक्षातून तिसरा घेऊन उतरल्या आणि म्हणाल्या, "ठेवा सर, परत नाही दिला तरी चालते. आमचा खराबच हाय."

"यांना शेअर पाहिजे, शेअर," भैय्याजी समजावू लागले.

"शेअरच करून राहिलो ना बाप्पा!" हातगाडीवाल्याच्या मागून आलेले गृहस्थ म्हणाले.

कोणाला सांगणार, काय सांगणार? चौथ्या कूलरबरोबर पाण्याची टाकीही आली. सर प्रत्येकाला नमस्कार करत होते, आभार मानत होते, आणि आपण आयुष्यात इतके लोकप्रिय आहोत हे आपल्याला आजवर कळलं नाही याचंही त्यांना नवल वाटत होतं.

या सगळ्यात भूमिका पोस्टातून आली. ती कूलरांच्या मधून वाट काढत जिन्यापाशी पोहोचली, तिथे थांबली, आणि म्हणाली, "काय झालं ते मले सुरुवातीपासून सांगा. भैय्याजी, तुम्ही नका सांगू."

सरांनी सांगितलं.

"सिंधूमावशीकडे हायेत ना हिवाळाचे शेअर," ती म्हणाली. "मावसाजींचं कामठीले कूलरचं दुकान होतं. कंपनीनं जुन्या डीलर लोकांले दिले होते."

"मग आधी काहून नाही सांगितलं?"

"आधी तुम्ही मले काही इचारलं काय?"

अर्ध्या तासात दोघं कामठीच्या वाटेला लागले. सिंधूताई म्हणजे भूमिकाची सख्खी मावशी. नवरा वारल्यावर दुकान बंद झालं, पण बाई बंद झाल्या नव्हत्या. बचत गटाच्या त्या अध्यक्ष होत्या आणि गल्लीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. सरांनी जयभीम करून पाय धरायचाच अवकाश, त्या म्हणाल्या, "बसा जवाईबापू. चेहरा काहून उतरला?"

सरांनी पुन्हा सगळं सांगितलं. सांगायला सोपं नव्हतं. सासरच्या माणसापुढे जावई म्हणून त्यांची काही एक इज्जत होती. लग्नात त्यांनी सोन्याची अंगठी नाकारली होती, त्याचा उल्लेख अजून होत असे.

सिंधूताईंनी चष्मा काढला. "थांबा गा. शेअर तुमच्यापाशी नव्हते?"

"नव्हते."

"अन् तुम्ही इकले?"

"हो."

"अन् त्यानं घेतले? न पाहता?"

"हो मावशी."

सिंधूताई उठल्या, दारात गेल्या आणि हाक मारली, "वं गोपिका! इकडे ये लवकर! जवाईबापू काय सांगून राहिले आयक!"

गोपिकाबाई आल्या. त्यांच्यामागून त्यांचे यजमान आले. यंत्रमागावरून सुटलेले दोघे जण रस्त्यातच थांबले. सरांना ती हकीकत उभ्याने पुन्हा सांगावी लागली, आणि मग ज्यांनी सुरुवात ऐकली नव्हती त्यांच्यासाठी आणखी एकदा. कोणी हसलं नाही, हे विशेष. सगळे ऐकत होते, डोळे मोठे करून. 'न पाहता?' हा प्रश्न प्रत्येक जण विचारी आणि उत्तर ऐकून मागच्याकडे वळून सांगे. सर बोलत होते आणि त्यांना जाणवत होतं की सीताबर्डीच्या हॉलमध्ये आपल्या अंगावर जो काटा आला होता, तो आता या गल्लीतून एकेकाच्या अंगावर उठत चालला आहे.

"मी देतो म्हणा शेअर," गर्दी पांगल्यावर सिंधूताई म्हणाल्या. "घरच्याले नाही तर कोणाले देईन. पण हे अजब हाय बाप्पा. आमच्या ह्यायनं आयुष्यभर असलेला माल इकला, तरी गिऱ्हाईक दहा खेपा घाले."

सकाळी ऑफिस उघडण्याआधीच तिघं दारात. सिंधूताईंचं खातं त्याच ऑफिसात होतं, मावसाजींनीच काढून दिलेलं. त्यांनी स्लिपवर ऐटीत सही केली, शेवटी एक वळणदार रेघ ओढून, बचत गटाच्या अध्यक्षांना शोभेल अशी.

जितेंद्रने ती संगणकावरच्या सहीशी ताडून पाहिली. "काकू, ही जुळत नाही."

"माझीच तर हाय."

"खातं काढताना केली तशी पाहिजे."

त्याने जुनी सही दाखवली. ती सही म्हणजे थरथरत्या, चिमटीत धरलेल्या अक्षरांची रांग होती, शेवटचं अक्षर चौकटीच्या भिंतीला टेकून बसलेलं. सिंधूताईंनी दुसरी स्लिप घेतली. जमलं नाही. तिसरी घेतली. हात आता सवयीने पळत होता. घड्याळ पुढे सरकत होतं, आणि लिलाव हा शब्द मेश्राम सरांच्या कानात ढोलासारखा वाजत होता.

"त्या दिवशी अशी काहून झाली वं मावशी?" भूमिकाने विचारलं.

सिंधूताईंनी पेन खाली ठेवलं. "त्या दिवशी हे बाजूले उभे होते. ओरडून राहिले होते, चौकटीच्या बाहेर जाऊ नको, चौकटीच्या बाहेर जाऊ नको. मी पहिल्यांदाच सही करून राहिलो होतो. हात कापत होता माझा." मग त्या सरांकडे वळल्या. "जवाईबापू, ओरडा."

"मी?"

"मंग कोण? ओरडा जोरात."

मेश्राम सरांनी आजवर मुलांवरही आवाज चढवला नव्हता. ऑफिसात आठदहा माणसं होती. सरांनी डोळे मिटले आणि ते आपल्या मावससासूवर ओरडले. "चौकटीत करा! बाहेर जाऊ नका! अक्षर नीट! चौकटीत म्हणतो ना!" चहावाला ट्रे घेऊन दारातच थबकला. शेवटी शेवटी तर सरांचा ड्रॉइंगच्या तासाचा सगळा दबलेला आवाज एकदम बाहेर आला.

सिंधूताईंचा हात कापला. अक्षरं चिमटीत आली. शेवटचं अक्षर चौकटीच्या भिंतीला जाऊन टेकलं.

"जुळली," जितेंद्र हळूच म्हणाला.

सिंधूताईंनी ती सही बराच वेळ पाहिली. "अशीच झाली होती," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पदराने चष्मा पुसला. सर माफी मागू लागले, तर त्यांनी हाताने थांबवलं. "नाही गा. चांगले ओरडले. त्यायच्यासारखे."

लिलाव टळला. कॉलनीत भैय्याजींनी ही बातमी आपल्याच कर्तबगारीत जमा केली. आता मेश्राम सर बाजाराचे देणेकरी नव्हते, ते सिंधूताईंचे देणेकरी होते. हजार शेअर घ्यायचे आणि त्यांना परत करायचे. पण शेअर काही उतरेना. तो एकशे आठवरून आणखी वर गेला, सव्वाशेला पोहोचला, आणि सर रोज सकाळी त्याच्याकडे बघत, डोंगराच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसासारखे.

"घाई नका करू," सिंधूताई फोनवर म्हणत. "पडल तेव्हा द्या." आणि दर रविवारी स्वतःच फोन करून विचारत, "पडला काय गा?" नाही पडला म्हटलं की हळहळत. गोपिकाबाईसुद्धा विचारत. यंत्रमागवालेही विचारत. कामठीतली ती आख्खी गल्ली सिंधूताईंचे स्वतःचे शेअर पडावेत म्हणून मनापासून प्रार्थना करत होती, आणि सिंधूताई त्यात सगळ्यात पुढे होत्या. यात काहीतरी चुकतं आहे, असं मेश्राम सरांना अधूनमधून वाटे, पण काय ते सापडत नसे.

पावसाळा आला. शाळांचं कंत्राट म्हणे अर्ध्याहून कमी झालं. उन्हाळा संपल्यावर कूलर कोण घेतं? शेअर शंभराच्या खाली आला, नव्वदच्या खाली आला, आणि दसऱ्याच्या सुमारास एका सकाळी सत्तरला आला. मेश्राम सरांनी त्याच दिवशी हजार शेअर घेतले आणि सिंधूताईंच्या खात्यात वळते केले. आणि मग कागदावर आकडे मांडून बघितले, तर काय! विकले होते नव्वदच्या वर, घेतले सत्तरला. म्हणजे एवढं सगळं होऊन, सगळ्यांसमोर ओरडून, पार्किंगमध्ये चार कूलर कायमचे ठेवून घेऊन, आपण चक्क कमावलं होतं. त्यांनी तो कागद भूमिकाला दाखवला. तिने वाचला, पोस्टातल्यासारखे आकडे पुन्हा एकदा तपासले आणि परत दिला.

रविवारी सर पेढे घेऊन कामठीला गेले. सिंधूताईंच्या मोबाईलवर शेअर जमा झाल्याचा मेसेज आला होता, आणि त्या चष्मा लावून तो वाचत दारातच बसल्या होत्या. गोपिकाबाई बाजूला.

"आले वं परत माझे," सिंधूताई म्हणाल्या. "हजारच्या हजार."

"हो मावशी. मोजून दिले."

"भाव किती हाय आता?"

"सत्तर."

"अन् मी तुम्हाले दिले त्या दिवशी?"

मेश्राम सर म्हणाले, "एकशे आठ." त्यांच्या डोळ्यांपुढे एकदम सगळी आकृती उभी राहिली, वरून, समोरून आणि बाजूने. आपल्याकडे जे नाही ते आपण विकलं असं ते इतके महिने समजत होते. पण ते कोणाचं तरी होतंच. ते इथे कामठीत, या ओसरीवर बसलेलं होतं, आणि आपण कमावलेला प्रत्येक रुपया याच घरातून चालत आला होता. हातातला पेढ्यांचा डबा त्यांना जड झाला.

"मावशी," ते म्हणाले, "तो फायदा तुमचा आहे. मी उद्याच..."

"राहू द्या गा. मी थोडीच इकणार होतो ते. त्यायची आठवण हाय." सिंधूताईंनी मोबाईल गोपिकाबाईंपुढे धरला. "पण पाह्य वं गोपिका. जाताना कसे एकशे आठचे भरलेले गेले होते. चार महिने जवाईबापूच्या घरी राहिले, अन् सत्तरचे होऊन आले." त्यांनी सरांकडे वर पाहिलं, आणि डोळे चष्म्याआड हसत होते. "खायले नव्हते देत काय गा तुम्ही त्यायले?"